दोरी धरून उभा असलेला माणूस

सध्या आमची पोस्ट आहे तिथं दुपारी तीननंतर ढग खाली उतरतात आणि पन्नास पावलांवरचा लंगरसुद्धा दिसेनासा होतो. जागेचं नाव सांगता येणार नाही. पूर्वेकडचा डोंगर आहे, एवढं पुरे. ड्यूटी नसलेली मुलं रिक्रिएशन रूममध्ये बुखारीभोवती गोळा होतात आणि डिशवर बर्फ साचलेला नसेल तर टीव्हीवर कुस्ती लागते. लाल मातीतली नव्हे, अमेरिकेतली.

माझ्या कंपनीत हरियाणा आणि राजस्थानची मुलं जास्त. त्यातला एक लान्स नायक रोहतकच्या बाजूचा आहे, दोन्ही कान मोडलेले, म्हणजे आखाड्यात घाम गाळलेला खरा पैलवान. तो दर वेळी एकच वाक्य म्हणतो, "साब, ये तो नूरा कुश्ती है." म्हणतो आणि तिथंच बसून शेवटपर्यंत बघतो. गेल्या आठवड्यात मुलांमध्ये वाद पेटला, सगळ्यात भारी टॅग टीम कोणती? कुणी हार्डी बंधूंचं नाव घेतलं, कुणी उसो बंधूंचं, कुणी न्यू डेचं. मला विचारलं तेव्हा मी ज्या जोड्यांची नावं घेतली त्या जोड्या या मुलांच्या जन्माआधीच्या. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. साहेबांचं वय झालं, असा त्याचा अर्थ. म्हणून हे थोडं सविस्तर उत्तर.

माझी पिढी या कुस्तीला पत्त्यांतून ओळखते. नव्वदच्या दशकात केबल आली आणि तिच्या मागोमाग शाळेच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आले. प्रत्येक पत्त्यावर एक पैलवान, त्याची उंची, वजन, छाती, दंड. ज्याचा आकडा मोठा त्यानं दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा. आता विचार केला तर लक्षात येतं, त्या पत्त्यावर जोडीदाराचा रकानाच नव्हता. माणूस एकटा मोजला जायचा. घरचं वातावरणही तसंच. आम्ही सांगली जिल्ह्यातले. वडील मला कुंडलच्या मैदानाला घेऊन जायचे आणि टीव्हीवरच्या कुस्तीला नाटक म्हणायचे. त्यांच्या कुस्तीत 'जोड' या शब्दाचा अर्थ प्रतिस्पर्धी. तोलामोलाचे दोघं एकमेकांसमोर उभे करायचे, म्हणजे जोड लावायची. साथीदाराला तिथं जागाच नाही. पैलवान एकटा उतरतो, एकटा चीत होतो.

नाटक आहे, हे मान्यच करून पुढं जाऊ. निकाल आधी ठरलेला असतो. पण रामलीलेतला रावण दरवर्षी मरणार हे रोहतकच्या मुलालाही माहीत असतं, तरी तो थंडीत घोंगडी पांघरून बघायला जातोच ना? तो कसा मरतो आणि मरेपर्यंत आपल्याला किती घाबरवतो, हे बघायला माणूस जातो. शिवाय निकाल ठरलेला असला तरी लाकडी फळ्यांवर पाठ आपटते ती खरीच आपटते. त्याची किंमत पुढं सांगतो.

आधी नियम. दोघांची जोडी, पण रिंगमध्ये एका वेळी एकच. दुसऱ्यानं दोरांच्या बाहेर, आपल्या कोपऱ्यात उभं राहायचं. त्या कोपऱ्याला एक आखूड दोरी बांधलेली असते. बाहेरच्यानं ती हातात धरायची आणि ती न सोडता जेवढा हात लांब जाईल तेवढ्याच अंतरावरून जोडीदाराच्या हाताला स्पर्श करायचा. तो स्पर्श म्हणजे टॅग. तो रेफरीनं बघितला पाहिजे, नाहीतर धरला जात नाही. टॅग झाल्यावर आतल्यानं पाच आकडे मोजेपर्यंत बाहेर पडायचं. बस, एवढंच. पण चांगल्या टॅग कुस्तीचा सगळा जीव त्या आखूड दोरीत आहे.

जुन्या पद्धतीच्या सामन्याचे चार टप्पे असतात. पहिल्यात सज्जन जोडी वरचढ असते, प्रेक्षक खूश. मग काहीतरी दगा होतो आणि सज्जनांपैकी एकजण दुर्जनांच्या कोपऱ्यात अडकतो. हा तिसरा भाग नव्हे, हाच सामना. वेळेच्या हिशेबानं बघितलं तरी सगळ्यात मोठा तुकडा हाच. एकजण मार खातो, आपल्या कोपऱ्याकडे सरकतो, बोटं टेकायला वीतभर अंतर उरतं आणि त्याला पायाला धरून मागं ओढलं जातं. एकदा, दोनदा, तीनदा. मधेच एकदा टॅग होतोही, पण नेमकं तेव्हा रेफरीचं तोंड दुसरीकडे असतं. तो टॅग नाकारतो, बाहेरच्याला परत कोपऱ्यात पाठवतो आणि प्रेक्षक खुर्च्यांवरून उठतात. तिसऱ्या टप्प्यात शेवटी तो स्पर्श होतो, ताज्या दमाचा माणूस वाऱ्यासारखा आत शिरतो आणि दोघांनाही झोडपून काढतो. याला तिकडं 'हॉट टॅग' म्हणतात. चौथ्यात चौघेही आत, गोंधळ आणि निकाल.

हे ज्यांनी सगळ्यात चांगलं केलं ती जोडी म्हणजे रॉक अँड रोल एक्सप्रेस, रिकी मॉर्टन आणि रॉबर्ट गिब्सन. 1983 पासूनची, अमेरिकेच्या दक्षिणेतली. दोघंही अंगानं लहान. पत्त्यांच्या खेळात त्यांचा पत्ता कुणी हातात ठेवला नसता. पण मॉर्टन मार असा खायचा की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही आपलाच नातू पडलाय असं वाटावं. पडून राहायचा नाही. प्रत्येक वेळी थोडा उठायचा, एखादा ठोसा परत मारायचा, मग पुन्हा कोसळायचा. आशा दाखवायची आणि काढून घ्यायची, हे त्याचं कसब. पुढं पैलवानांच्या बोलीत अडकून मार खाणाऱ्याच्या कामाला त्याचंच नाव पडलं. 'आज मॉर्टन कोण?' म्हणजे आज मार कोण खाणार. गिब्सनचं नाव मात्र तसं कुणी वापरत नाही. तो बाहेर उभा असायचा. त्याच्याकडे आपण परत येऊ.

समोर असायची मिडनाइट एक्सप्रेस. बॉबी ईटन आणि डेनिस कॉन्ड्री, 1987 पासून कॉन्ड्रीच्या जागी स्टॅन लेन. बरोबर टेनिसची रॅकेट घेऊन फिरणारा वाचाळ मॅनेजर जिम कॉर्नेट. या दोन जोड्या एकमेकींशी किती वेळा लढल्या याची गणती नसावी. वडिलांच्या शब्दात सांगायचं तर ही खरी जोड लागली होती. माझ्या मते पहिली कसोटी हीच. थोर जोडीला थोर जोड लागते. 2017 मध्ये मॉर्टन आणि गिब्सनना डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा त्यांची ओळख करून द्यायला कोण उभा होता? तोच रॅकेटवाला कॉर्नेट. जन्मभर ज्यांचा घात केला त्यांचा सत्कार.

दुसरी कसोटी, दोघं सारखे नसावेत. हार्ट फाउंडेशन घ्या. ब्रेट हार्ट तंत्राचा, डाव-प्रतिडाव घड्याळाच्या काट्यासारखे. जिम नायडहार्ट दाढीवाला, अंगानं दांडगा, दरवाज्याला खांदा देणारा. एकानं समोरच्याला कमरेला धरून उचलायचं आणि दुसऱ्यानं धावत येऊन त्याच्या गळ्यावर हात मारायचा, हा त्यांचा शेवटचा डाव. त्यात दोघांची कामं वेगळी आहेत आणि एकट्याला तो करताच येत नाही. आजकाल दोन नामवंत एकत्र उभे केले की लोक त्याला टॅग टीम म्हणतात. ते दोन पत्ते झाले.

तिसरी कसोटी दुर्जनांची. आर्न अँडरसन आणि टली ब्लँचर्ड यांच्याकडे बघा. दोघंही दिसायला साधे. आर्न तर तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक वाटावा. पण रिंग कापायची कशी हे त्यांच्याकडून शिकावं. समोरच्याला आपल्या चौथाईत ठेवायचं, तो आणि त्याचा कोपरा यांच्या मध्ये आपलं शरीर आणायचं, थोड्या थोड्या वेळानं टॅग करून आपण ताजं राहायचं आणि तो दमत जाईल हे बघायचं. यात ताकद फारशी लागत नाही, जमिनीची समज लागते. मी जेव्हा जेव्हा नवीन अधिकाऱ्यांना वाट अडवणं समजावून सांगतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आर्न अँडरसन असतो. त्यांना ते सांगत नाही, एवढंच.

चौथी कसोटी टिकण्याची. डिमॉलिशन ही रंगवलेल्या तोंडांची जोडी 1988 च्या मार्चपासून 478 दिवस विजेती होती. तो विक्रम 2016 पर्यंत टिकला. त्यांचे डाव दोन-चारच, पण जोडी म्हटलं की तीच दोन तोंडं, तेच पट्टे, तीच चाल. लोकांना खात्री वाटायला वेळ द्यावा लागतो. नाहीतर फितुरीलाही किंमत राहत नाही. 27 मार्च 1988 ला लेक्स लुगर आणि बॅरी विंडम यांनी आर्न-टलीला हरवलं. त्या दिवशी ग्रीन्सबरोच्या प्रेक्षकांनी छत डोक्यावर घेतलं. महिनाही झाला नाही तोच विंडमनं आपल्याच जोडीदारावर हात उगारला आणि तो आर्न-टलीच्या टोळीत गेला. ते बघताना पोटात खड्डा पडतो, कारण कोपऱ्यातला माणूस फिरू शकतो ही शक्यताच आपण धरलेली नसते.

रोड वॉरियर्सचं नाव मी का घेतलं नाही, असं मुलांनी विचारलंच. हॉक आणि अ‍ॅनिमल. खांद्यावर लोखंडी काटे, एकाच्या खांद्यावर बसवलेल्या माणसाला दुसऱ्यानं वरच्या दोरावरून उडी मारून खाली पाडायचं. माझेही लाडके. पण ते सहसा अडकायचे नाहीत. आले, झोडपलं, गेले. ज्या जोडीला वाचवावंच लागत नाही, तिच्यातला दुसरा माणूस कशासाठी आहे हे कधी कळत नाही.

म्हणजे शेवटची आणि माझ्या मते खरी कसोटी कोपऱ्यातला माणूस. त्याची परिस्थिती मोठी विचित्र असते. त्याच्यात दम आहे, ताकद आहे, त्याचा मित्र दहा फुटांवर मार खातोय आणि त्यानं काही करायचं नाही. आणि तो न राहवून आत गेला तर? रेफरी त्याला अडवायला धावतो, रेफरीची पाठ फिरते आणि त्याच्या पाठीमागं दोघं मिळून मित्राला तुडवतात. त्याच्या मदतीनंच मित्राचं नुकसान होतं. जुन्या लोकांनी ही गोष्ट किती चोख बांधली आहे बघा. दोरी धरून उभं राहणं हेच त्याचं काम, आणि तेच सगळ्यात अवघड. रॉबर्ट गिब्सन हे वर्षानुवर्षं करत राहिला. हात लांब, अंग दोरांवर झुकलेलं, डोळे मित्रावर. तो कधी कंटाळलेला दिसला नाही. तो कंटाळला असता तर मॉर्टनच्या वेदनेवर कुणाचा विश्वास बसला नसता.

याचं मी पाहिलेलं सगळ्यात कठीण उदाहरण ब्रिटिश बुलडॉग्जचं आहे. डायनामाइट किड आणि डेव्ही बॉय स्मिथ, इंग्लंडचे सख्खे चुलत-मामेभाऊ म्हणावेत असे नात्यातले. एप्रिल 1986 मध्ये ते विजेते झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डायनामाइटची पाठ कुस्ती करतानाच खरोखर मोडली, मणक्याची शस्त्रक्रिया झाली. पण किताब सोडायचा तर रिंगमध्ये हरून सोडायचा, ही रीत. 26 जानेवारी 1987 ला फ्लोरिडातल्या टँपाला तो आला तो डेव्ही बॉयच्या आधारानं. समोर हार्ट फाउंडेशन. सुरुवातीलाच त्यांच्या मॅनेजरचा भोंगा डायनामाइटला लागला, तो बाहेर पडला आणि सामना संपेपर्यंत तिथंच पडून राहिला. तसंच ठरलं होतं, कारण त्याच्यानं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. डेव्ही बॉय एकटा दोघांशी लढला. ज्या कोपऱ्याकडे सरकायचं तो कोपरा रिकामा. शेवटी हरला.

यातली गंमत अशी की ते चौघं एकमेकांचे सोयरे होते. डेव्ही बॉय आणि नायडहार्ट दोघंही ब्रेटच्या बहिणींचे नवरे, आणि डायनामाइट ब्रेटचा साडू. म्हणजे एका अधू माणसाची अब्रू राखून त्याला मोकळं करायचं काम घरच्याच माणसांनी केलं, आणि जगाला दिसली ती मारामारी. याला नूरा कुस्ती म्हणायचं असेल तर म्हणा.

आता सांगतो मी या दोरीच्या इतका मागं का लागलोय.

फौजेत 'बडी' असतो. दोघांची जोडी, एकानं फायर द्यायचा, दुसऱ्यानं पुढं सरकायचं. खडकवासल्याला असताना माझा एक कोर्समेट होता, एकाच स्क्वाड्रनमधला. पुढं योगायोगानं काश्मीर खोऱ्यात आम्ही एकाच बटालियनमध्ये आलो, वेगवेगळ्या कंपन्यांत. एका हिवाळ्यात एका गावाला वेढा पडला. आतला घेरा त्याच्या कंपनीचा, बाहेरचा माझ्या. माझ्याकडे अक्रोडाच्या बागेमागचा एक नाला होता. रात्री आत फायर सुरू झाला आणि थोड्या वेळानं रेडिओवर ऐकू आलं की त्याला गोळी लागली आहे. मांडीत. रक्त थांबत नाही.

तो माझ्यापासून चारशे मीटरवर होता. माझ्याकडे तीस ताज्या दमाची मुलं होती. आणि माझं काम होतं नाला. मी तिथून हललो असतो तर वेढ्याला भोक पडलं असतं आणि ते भोक त्याच्याच लोकांच्या पाठीशी उघडलं असतं. हे मला माहीत होतं, माझ्या सुभेदार साहेबांना माहीत होतं. ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "साब, अपनी जगह." ते मला सांगत होते की स्वतःला, हे मला आजही ठरवता येत नाही. त्याच्या लोकांनीच त्याला बाहेर काढलं. रात्रभर माझ्या नाल्यात एक कुत्रंसुद्धा आलं नाही.

तो वाचला. पाय वाचला, पण पूर्वीसारखा नाही. नंतरचे कित्येक महिने हॉस्पिटल, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा चालायला शिकणं. मी सुट्टीत जाऊन बसायचो. कॉटच्या कडेला खुर्ची ओढून. तिथं मला कळलं की खऱ्या आयुष्यात हॉट टॅग नसतो. वेदना कुणाच्या हातावर हात मारून देता येत नाही. एकदा फिजिओथेरपीनंतर घामाघूम होऊन तो पडला होता. मी म्हणालो, त्या रात्री मी नाल्यावर होतो. तो म्हणाला, "मला माहीत होतं रे. त्या बाजूला बघावं लागलं नाही." एवढंच. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललेलो नाही. पण मला जे मिळायचं होतं ते मिळालं. कोपऱ्यातल्या माणसाचं मोल त्यानं काय केलं यात नसतं. आतल्याला त्या बाजूला बघावं लागत नाही, यात असतं.

जोडी कायम टिकते असं मात्र मी म्हणणार नाही. बुलडॉग्जचं पुढं फिसकटलं. डेव्ही बॉय 1990 मध्ये एकटाच परत गेला, 'ब्रिटिश बुलडॉग' हे नाव त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतलं, आणि दोन भावांमधलं बोलणं तुटलं. 2002 मध्ये तो वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. डायनामाइटची शेवटची वर्षं व्हीलचेअरमध्ये गेली. 2018 मध्ये, आपल्या साठाव्या वाढदिवसाला, तोही गेला. निकाल ठरलेला होता, पाठ खरी होती, ती ही. तरीही टँपाच्या त्या रात्री डेव्ही बॉयनं त्याला खांदा देऊन रिंगपर्यंत आणलं होतं, हे नंतरच्या कुठल्याही भांडणानं पुसलं जात नाही. काही जोड्या मॉर्टन-गिब्सनसारख्या म्हातारपणापर्यंत टिकतात. काही एका रात्रीपुरत्या असतात. ती एक रात्र नीट निभावली तरी पुष्कळ झालं.

तेव्हा वेळ मिळाला तर यातला एखादा जुना सामना शोधून बघा. मॉर्टन-गिब्सन विरुद्ध मिडनाइट एक्सप्रेसपासून सुरुवात करा. बघताना मात्र एक करा. मार खाणाऱ्याकडे तर सगळेच बघतात. तुम्ही अधूनमधून नजर बाजूला न्या, कोपऱ्यात दोरी घट्ट धरून, हात पुढं करून जो उभा आहे, त्याच्याकडे.